कार्ड बसलं म्हणजे जुळलं असं नाही: क्यू-बस पीडीपी-११ जुळवताना

जुना मिनीकॉम्प्युटर हाती लागलेल्या नव्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: "प्रोसेसरचं कार्ड मिळालंय, रिकामा डबाही मिळालाय, कार्ड त्यात घट्ट बसतंय. आता चालू करू का?"

नको, जरा थांबा. कार्ड घट्ट बसतंय यावरून काहीच कळत नाही, आणि का कळत नाही हे आधी समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, ही मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्डची कंपनी. तिने आपल्या कार्डांची कडा वर्षानुवर्षं जवळजवळ तीच ठेवली. बस म्हणजे कार्डांना आपसात जोडणाऱ्या तारांची ठरलेली मांडणी. पीडीपी-८/ई या डेकच्या मिनीकॉम्प्युटरची ऑम्निबस, १९७० साली पीडीपी-११ या मिनीकॉम्प्युटरबरोबर आलेली युनिबस आणि १९७५ साली एलएसआय-११ या छोट्या पीडीपी-११ बरोबर आलेली क्यू-बस, या तिन्हींची कार्डं एकाच मापाच्या खाचेत शिरतात. मात्र कुठल्या पिनवर काय येतं हे तिन्हींत पूर्ण वेगळं आहे. युनिबसचं कार्ड क्यू-बसच्या स्लॉटमध्ये विनातक्रार बसतं आणि वीज दिली की जळू शकतं. पन्नास वर्षं टिकलेली वस्तू आपल्या हातून एका सेकंदात जाऊ नये, म्हणून हा लेख.

लेख क्यू-बसपुरताच ठेवतो आहे. नव्या माणसाला झेपेल अशी पीडीपी-११ तीच: डबा टेबलावर मावतो आणि घरातल्या साध्या प्लगवर चालतो. बस कुठलीही असली तरी क्रम मात्र एकच: आधी बॅकप्लेन, म्हणजे डब्यातली कार्डांच्या स्लॉटची पाटी, ओळखायचं, मग त्याला साजेसा प्रोसेसर निवडायचा. बहुतेक जण उलट करतात. आधी प्रोसेसर विकत घेतात आणि मग मिळेल त्या डब्यात तो बसवायला बघतात.

## पहिली पायरी: कार्डाचा नंबर वाचा

कार्डाच्या बाहेरच्या कडेला प्लॅस्टिकची किंवा धातूची मूठ असते. तिच्यावर "एम" अक्षर आणि चार आकडे असतात, उदाहरणार्थ एम८१८६. तेच कार्डाचं खरं नाव. विक्रेत्याने जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, मुठीचा स्पष्ट फोटो मागवल्याशिवाय पैसे देऊ नका.

नुसत्या आकड्यावरून बस कळत नाही. एम७८५६ हे युनिबसचं सीरियल कार्ड आहे, तर एम७९५७ हे क्यू-बसचं. आकडे जवळचे, घरं वेगळी. पण डेकने दिलेल्या दुसऱ्या नावात एक सोयीची खूण आहे. क्यू-बसच्या बहुतेक जोडकार्डांच्या नावात "व्ही" येतो. युनिबसचं डीएल११, क्यू-बसचं डीएलव्ही११. युनिबसचं आरएल११, क्यू-बसचं आरएलव्ही१२. मेमरी असेल तर एमएस११ आणि एमएसव्ही११. नंबरावरून नाव शोधायचं आणि नावात व्ही आहे का ते बघायचं.

मग रुंदी बघा. कार्डाच्या स्लॉटमध्ये शिरणाऱ्या कडेला दोन जिभा असतील तर ते ड्युअल, चार असतील तर क्वाड, सहा असतील तर हेक्स. नेहमीच्या क्यू-बस डब्यात हेक्स कार्ड शिरतच नाही, त्यामुळे तिथे चूक होत नाही. धोका क्वाडचा आहे. वर सांगितलेलं एम७८५६ हे युनिबसचं क्वाड कार्ड क्यू-बसच्या चार जिभांच्या स्लॉटमध्ये आरामात बसतं.

## दुसरी पायरी: पिनांची नावं वाचायला शिका

हे एकदा जमलं की मॅन्युअलमधला कुठलाही तक्ता वाचता येतो. पिनच्या नावात तीन भाग असतात.

पहिलं अक्षर जिभेचं: ए, बी, सी, डी. दुसरं अक्षर त्या जिभेवरच्या जागेचं. प्रत्येक जिभेच्या एका बाजूला १८ पट्ट्या असतात आणि त्यांना इंग्रजी मुळाक्षरांतली ए पासून व्ही पर्यंतची अक्षरं दिलेली असतात. जी, आय, ओ आणि क्यू ही चार अक्षरं वगळली आहेत, कारण ती वाचताना दुसऱ्या अक्षरांशी किंवा आकड्यांशी गल्लत होते. शेवटचा आकडा बाजूचा: १ म्हणजे सुटे भाग लावलेली बाजू, २ म्हणजे सोल्डरची बाजू.

म्हणजे बीसी१ ही बी जिभेवरची, सी जागेवरची, सुट्या भागांच्या बाजूची पट्टी. पुढे लागणाऱ्या काही पिना वहीत लिहून ठेवा. एए२ वर पाच व्होल्ट. एसी२ वर ग्राउंड. एडी२ वर बारा व्होल्ट. एयू२ वर पत्ता आणि डेटा वाहणाऱ्या तारांपैकी पहिली. क्यू-बसवर पत्ता आणि डेटा एकाच तारांवरून आळीपाळीने जातात. युनिबसवर दोन्हींच्या तारा स्वतंत्र आहेत. क्यू-बस दोन जिभांत मावली ती त्यामुळेच.

## तिसरी पायरी: बॅकप्लेनला दोन प्रश्न विचारा

बॅकप्लेनचाही नंबर असतो, "एच" पासून सुरू होणारा. पण तो कधी झिजलेला असतो, कधी डब्याच्या आत लपलेला असतो, आणि पन्नास वर्षांत कुणीतरी त्यावर जादा तारा ओढलेल्या असण्याची शक्यता नेहमीच असते. म्हणून नंबर वाचला तरी मल्टिमीटर लावून खात्री करा. साधा बीप करणारा मल्टिमीटर पुरतो. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो तसला. डब्याची वायर भिंतीतून काढा, सगळी कार्डं बाहेर काढा, आणि मगच सुरुवात करा.

पहिला प्रश्न: पत्त्याच्या तारा किती? क्यू-बस तीन टप्प्यांत वाढली. मूळ एलएसआय-११ ला १६ बिटांचा पत्ता होता, म्हणजे ६४ किलोबाइट. मग १८ बिट, म्हणजे २५६ किलोबाइट. शेवटी २२ बिट, म्हणजे ४ मेगाबाइट. शेवटच्या चार तारा बीसी१, बीडी१, बीई१ आणि बीएफ१ या पिनांवर आहेत. आधीच्या काळात या जागा राखीव ठेवलेल्या होत्या. आता मल्टिमीटरचं एक टोक पहिल्या स्लॉटच्या बीसी१ ला आणि दुसरं टोक दुसऱ्या स्लॉटच्या बीसी१ ला लावा. बीप वाजला तर ती तार आहे. चारही पिना तपासा, आणि नुसत्या शेजारच्या स्लॉटपर्यंत नाही तर शेवटच्या स्लॉटपर्यंत. चारही वाजल्या तर बॅकप्लेन २२ बिटांचं.

दुसरा प्रश्न: उजव्या अर्ध्या भागात काय आहे? चार जिभांच्या स्लॉटमध्ये ए-बी या डाव्या जोडीवर क्यू-बस असतेच. सी-डी या उजव्या जोडीवर दोन प्रकार असतात. काही बॅकप्लेनमध्ये तिथेही क्यू-बसच असते, म्हणजे एका स्लॉटमध्ये दोन ड्युअल कार्डं शेजारी शेजारी बसवता येतात. याला क्यू/क्यू म्हणतात. काहींमध्ये तिथे बस नसतेच. एका स्लॉटच्या सी-डी पिना फक्त शेजारच्या स्लॉटच्या सी-डी पिनांशी जोडलेल्या असतात, म्हणजे दोन शेजारी कार्डांना आपसात बोलायची खाजगी वाट. याला क्यू/सीडी म्हणतात.

तपासायला एकाच स्लॉटमध्ये एयू२ आणि सीयू२ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. बीप वाजला तर क्यू/क्यू, नाही वाजला तर क्यू/सीडी. प्रत्येक स्लॉटसाठी हे वेगळं करा, कारण एकाच बॅकप्लेनमध्ये दोन्ही प्रकार असू शकतात.

नेहमी दिसणारी बॅकप्लेन्स ही:

- एच९२७०: चार स्लॉटचं छोटं, क्यू/क्यू, मूळ रूपात १८ बिटांचं.
- एच९२७३: नऊ स्लॉट, क्यू/सीडी, १८ बिट. बीए११-एन डब्यात सापडतं.
- एच९२७५: नऊ स्लॉट, क्यू/क्यू, २२ बिट.
- एच९२७६: नऊ स्लॉट, क्यू/सीडी, २२ बिट. बीए११-एस डब्यात, पीडीपी-११/२३-प्लस बरोबर आलेलं.
- एच९२७८: आठ स्लॉट, २२ बिट. बीए२३ डब्यात. पहिले तीन स्लॉट क्यू/सीडी, चौथ्यापासून आठव्यापर्यंत क्यू/क्यू.
- एच९२८१: फक्त दोन जिभांचं, म्हणजे निव्वळ ड्युअल कार्डांसाठी.

नव्या माणसाने शक्य असेल तर बीए२३ शोधावा. त्यात एलएसआय-११ च्या काळातलं साधं ड्युअल कार्डही बसवता येतं आणि डेकच्याच मायक्रोव्हॅक्स संगणकाचं कार्डही. एच९२७३ स्वस्तात मिळालं तरी वाईट नाही. त्यावर त्या चार तारा वायर-रॅपने, म्हणजे पिनांभोवती तार गुंडाळून, सगळ्या स्लॉटमधून ओढून ते २२ बिटांचं करता येतं. पण ते दुसऱ्या यंत्राच्या वेळी करा, पहिल्याच्या नको.

## चौथी पायरी: आता प्रोसेसर

प्रत्येक प्रोसेसर कार्डाला तीन गोष्टी विचारायच्या. किती बिटांचा पत्ता देतो? सी-डी वर काय वापरतो? टर्मिनलसाठी सीरियल पोर्ट आणि सुरू व्हायला बूट रॉम त्याच्या अंगावर आहे का?

एम७२६४ हा मूळ एलएसआय-११, क्वाड. एम७२७० हा त्याचा ड्युअल भाऊ, एलएसआय-११/२. दोन्ही १६ बिटांचे, म्हणजे ६४ किलोबाइटच्या पुढे बघूच शकत नाहीत. एच९२७० हे त्यांचं घर. इतिहास म्हणून मला ते फार प्रिय आहेत, पण त्यांच्यावर आरटी-११ या डेकच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुढे फारसं काही करता येत नाही.

एम८१८६ म्हणजे पीडीपी-११/२३, थोडक्यात ११/२३, ड्युअल. बाजारात हा बराच दिसतो आणि गफलतही याच्याच बाबतीत सगळ्यात जास्त होते. याच्या अगदी सुरुवातीच्या, रिव्हिजन ए च्या कार्डांत पत्ता १८ बिटांचाच आहे. रिव्हिजन सी आणि त्यापुढची कार्डं २२ बिटांची. मुठीवर नंबर तोच, चिप्स जवळजवळ त्याच, किंमतही तीच सांगतात. मी घेतलेल्या पहिल्या कार्डाच्या जाहिरातीत "२२ बिट" लिहिलेलं होतं आणि आलं ते रिव्हिजन ए. विक्रेता परदेशातला, कार्ड परत पाठवायचा खर्च कार्डाच्या किमतीच्या जवळ जाणारा. तेव्हापासून मी मुठीचा आणि रिव्हिजनच्या शिक्क्याचा जवळून काढलेला फोटो मागवल्याशिवाय पुढे जात नाही. १८ बिटांचं कार्ड टाकाऊ मुळीच नाही, २५६ किलोबाइटमध्ये पुष्कळ काही चालतं. फक्त आपण काय घेतोय हे आधी माहीत हवं.

एम८१८६ वर सीरियल पोर्ट नाही आणि बूट रॉमही नाही. म्हणून त्याच्याबरोबर एम८०४३, म्हणजे चार सीरियल पोर्टांचं डीएलव्ही११-जे, किंवा एम८०४७, म्हणजे पोर्ट, थोडी मेमरी आणि रॉम एकत्र असलेलं एमएक्सव्ही११, असं काहीतरी लागतंच. प्रोसेसर घेताना याचे पैसेही धरा.

एम८१८९ म्हणजे ११/२३-प्लस, क्वाड, २२ बिटांचा. दोन सीरियल पोर्ट आणि बूट रॉम कार्डावरच. पहिलं यंत्र जुळवणाऱ्याला मी हाच सुचवतो. हा आणि एक मेमरी कार्ड, एवढ्यावर यंत्र जिवंत होतं.

एम८१९२ म्हणजे ११/७३, ड्युअल, जे-११ चिपचा, २२ बिटांचा. पोर्ट आणि रॉम यावरही नाहीत. हा ड्युअल असल्यामुळे सी-डी चा प्रश्नच येत नाही आणि जवळजवळ कुठल्याही क्यू-बस बॅकप्लेनमध्ये चालतो. १८ बिटांच्या बॅकप्लेनमध्येही चालतो, पण तिथे २५६ किलोबाइटपुरताच. ज्यांना २.११ बीएसडी युनिक्स चालवायचंय त्यांनी ११/२३ च्या नादी लागू नये. त्या युनिक्सला प्रोग्रॅम आणि डेटा यांच्यासाठी वेगवेगळे पत्ते लागतात, आणि ती सोय ११/२३ मध्ये नाही, जे-११ मध्ये आहे.

एम८१९० हे या घरातलं सगळ्यात गुंतागुंतीचं कार्ड. क्वाड, जे-११ चिप, पोर्ट आणि रॉम अंगावर. याला सी-डी वरची ती खाजगी वाट हवी असते. एम८६३७ हे मेमरी कार्ड त्या वाटेने प्रोसेसरशी बसपेक्षा वेगाने बोलतं, आणि इथे कार्डांचा क्रम बदलला की यंत्रच बदलतं. मेमरी पहिल्या स्लॉटमध्ये आणि तिच्या लगेच खाली प्रोसेसर असेल तर वेगवान वाट चालू होते, आणि ११/८३ म्हणतात ते हेच. प्रोसेसर पहिला ठेवून पुढे साधी क्यू-बस मेमरी लावली तर ते ११/७३ सारखं वागतं. म्हणून बीए२३ मध्ये या दोन कार्डांची जागा पहिल्या तीन स्लॉटमध्येच. एम८६३७ चौथ्या किंवा त्यापुढच्या स्लॉटमध्ये कधीही घालू नका. तिथे सी-डी वर बस आहे आणि कार्डाचे खाजगी सिग्नल थेट बसच्या सिग्नलवर आदळतात. जळण्याची शक्यता खरी आहे.

एम७६०६ हा १९८५ चा मायक्रोव्हॅक्स-२. तो पीडीपी-११ नाही, पण त्याच बीए२३ डब्यात राहतो आणि त्यालाही क्यू/सीडी स्लॉटच लागतात. त्याची मेमरी सी-डी वाटेने आणि शिवाय कार्डांच्या डोक्यावरून जाणाऱ्या पट्टीच्या केबलने जोडलेली असते. रिकामा बीए२३ घेताना आत ही केबल राहिली असेल तर ती जपून ठेवा.

## पाचवी पायरी: मेमरी आणि डिस्क कार्डाचे बिट मोजा

बॅकप्लेन २२ बिटांचं, प्रोसेसर २२ बिटांचा, आणि मेमरी १८ बिटांची: ही जोडी वरवर चालते आणि मग भलत्या ठिकाणी घोळ घालते. एम८०४४ सारखं १८ बिटांचं मेमरी कार्ड वरच्या चार तारांकडे बघतच नाही. त्यामुळे ते दर २५६ किलोबाइटनंतर पुन्हा पुन्हा "मी इथे आहे" म्हणून उत्तर देतं. मोठ्या मेमरीबरोबर ते लावलं तर दोन कार्डं एकाच पत्त्यावर बोलू लागतात. २२ बिटांसाठी एम८०५९ (२५६ किलोबाइट), एम८०६७ (५१२ किलोबाइट) किंवा एम७५५१ (एक मेगाबाइट आणि वर) घ्या.

डिस्क कार्डाचंही तसंच. आरएलव्ही११ आणि आठ इंची फ्लॉपीचं एम८०२९ ही कार्डं मेमरीत स्वतः लिहितात, पण १८ बिटांच्या पत्त्यानेच. मेमरी २५६ किलोबाइट असेपर्यंत काही बिघडत नाही. आरएलव्ही११ ची आणखी एक अट: ते दोन क्वाड कार्डांचं आहे आणि ती दोन कार्डं सी-डी वाटेनेच एकमेकांशी बोलतात, म्हणजे क्यू/क्यू मध्ये ते चालणारच नाही. त्याच्या जागी आरएलव्ही१२, म्हणजे एम८०६१, घेतलंत तर दोन्ही अटी सुटतात. एकच कार्ड, २२ बिट.

## सहावी पायरी: साखळी तुटू देऊ नका

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. चांगली कार्डं "खराब" ठरवून फेकली जातात ती याच्या अज्ञानामुळे.

क्यू-बसवरच्या बहुतेक तारा सगळ्या स्लॉटना समांतर जोडलेल्या असतात. दोन सिग्नल मात्र तसे नाहीत. एक इंटरप्टची, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष मध्येच वेधून घेण्याची, परवानगी, दुसरी मेमरीत थेट लिहिण्याची परवानगी. पंगतीत वाढपी जसा एकेका पानाशी थांबत पुढे सरकतो, तशी ही परवानगी प्रोसेसरकडून निघून एकेका कार्डातून पुढे जाते. एका पिनने आत येते, दुसऱ्या पिनने बाहेर पडते. ज्या कार्डाला ती हवी असते ते ठेवून घेतं, बाकीची पुढे ढकलतात. म्हणून प्रोसेसरच्या जवळचं कार्ड नेहमी आधी. पण मध्ये एक जागा रिकामी राहिली तर परवानगी तिथेच संपते आणि पलीकडच्या कार्डाला ती कधीच मिळत नाही.

क्यू/सीडी बॅकप्लेनमध्ये हा मार्ग सरळ आहे: ए-बी जोडीतून वरून खाली. क्यू/क्यू मध्ये तो नागमोडी जातो. बीए२३ मध्ये पहिले तीन स्लॉट ए-बी तून सरळ उतरायचं. मग चौथ्याची ए-बी, चौथ्याची सी-डी, तिथून खाली पाचव्याची सी-डी, मग पाचव्याची ए-बी, सहाव्याची ए-बी, सहाव्याची सी-डी, आणि असंच पुढे.

माझ्या बीए२३ मध्ये चौथ्या स्लॉटच्या ए-बी वर एक ड्युअल सीरियल कार्ड होतं. त्याच्या बरोबर खाली, पाचव्याच्या ए-बी वर, मी एम७५५५ हे डिस्क कंट्रोलर कार्ड लावलं. डोळ्यांना दोन्ही एकाखाली एक, मध्ये काही रिकामं नाही. कन्सोलवरून, म्हणजे यंत्राला जोडलेल्या टर्मिनलवरून, कंट्रोलरच्या रजिस्टरचा पत्ता वाचला की उत्तर येत होतं. बूट करायला गेलं की यंत्र गप्प. दोन संध्याकाळी मी ते कार्ड मेलं असंच धरून चाललो होतो. मग मार्ग कागदावर काढला तेव्हा दिसलं: चौथ्याची सी-डी आणि पाचव्याची सी-डी, मार्गातल्या दोन जागा रिकाम्या. कार्ड चौथ्याच्या सी-डी वर हलवलं आणि यंत्र लगेच बूट झालं. रजिस्टर वाचायला परवानगी लागत नाही, डिस्कवरचा मजकूर मेमरीत आणायला लागते. हे लक्षण ओळखून ठेवा: कार्ड पत्त्याला उत्तर देतं, पण काम करत नाही. आधी साखळी बघा.

रिकामी जागा ठेवायचीच असेल तर तिथे एम९०४७ हे छोटं कार्ड लावतात. ते दोन जोड्या जोडतं, बाकी काही नाही: एएम२ ते एएन२ आणि एआर२ ते एएस२. जिभेच्या सोल्डरच्या बाजूला एम आणि एन शेजारी शेजारी आहेत, मध्ये पी ची पट्टी सोडली की आर आणि एस शेजारी. घरी करायचं असेल तर त्या बाजूची खात्री दोनदा करा. उलट्या बाजूला या जागांवर वेगळे सिग्नल आहेत.

एम८६३९ हे आरक्यूडीएक्स१ कंट्रोलर मिळालं असेल तर ते नेहमी मार्गातलं शेवटचं कार्ड ठेवा. ते परवानगी पुढे जाऊच देत नाही.

## सातवी पायरी: वीज

अमेरिकेतून आलेला डबा बहुधा ११५ व्होल्टवर ठेवलेला असतो. आपल्याकडे प्लगमध्ये २३०. बीए२३ च्या पॉवर सप्लायवर व्होल्टेज निवडायचा स्विच आहे. प्लग लावण्याआधी तो स्वतःच्या डोळ्यांनी बघा, विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नका. हा सप्लाय पाच व्होल्टवर ३६ अँपियर आणि बारा व्होल्टवर ७ अँपियर देतो, पण दोन्ही मिळून २३० वॉटच्या आत. प्रत्येक कार्डाची भूक मॅन्युअलमधून काढून बेरीज करा.

या सप्लायना थोडा भार लागतो. रिकाम्या डब्यावरचं माप खरं धरू नका. कमी मोलाचं, चालू असल्याची खात्री असलेलं एखादं कार्ड लावून एए२ आणि एसी२ मध्ये व्होल्टेज मोजा. ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये हवं. सप्लायकडून "वीज ठीक आहे" सांगणारे दोन सिग्नलही येतात, बीए१ आणि बीबी१ वर. ते वर गेले नाहीत तर प्रोसेसर कितीही चांगला असला तरी हलत नाही.

कार्डांच्या जिभा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. खोडरबर वापरू नका, सोन्याचा मुलामा पातळ असतो आणि खोडरबराने तो जातो. कार्ड घालताना सुट्या भागांची बाजू पहिल्या स्लॉटच्या दिशेला हवी. आणि वीज चालू असताना कार्डाला हात लावायचा नाही, काढायलाही नाही आणि "जरा दाबून बघायला" सुद्धा नाही.

## आठवी पायरी: पहिल्यांदा चालू करताना

फक्त प्रोसेसर, एक मेमरी कार्ड आणि सीरियल पोर्ट. बाकी सगळं टेबलावर राहू दे. लॅपटॉपला जोडायला यूएसबी-सीरियल केबल आरएस-२३२ पातळीची हवी, पाच व्होल्टची उघडी केबल नको. वेग बहुधा ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही. डीएलव्ही११-जे असेल तर कन्सोल सहसा ३ नंबरच्या पोर्टावर असतो. मोजणी शून्यापासून आहे, म्हणजे तो चौथा पोर्ट.

यंत्र हॉल्ट स्थितीत सुरू करा. सगळं ठीक असेल तर पडद्यावर एक आकडा आणि त्याखाली @ हे चिन्ह उमटतं. हा ओडीटी, प्रोसेसरच्या पोटातला छोटा मदतनीस. तो दिसला म्हणजे प्रोसेसर, वीज आणि कन्सोल जुळले.

आता १०००/ टाका. त्या जागेतला आकडा दिसेल. १२३४५ टाकून एंटर दाबा, पुन्हा १०००/ टाका. ०१२३४५ आलं तर मेमरी जुळली. सगळे आकडे ऑक्टलमध्ये, म्हणजे आठाच्या पायावर, आहेत, म्हणून ८ आणि ९ वापरायचे नाहीत. प्रश्नचिन्ह आलं तर त्या पत्त्यावर कुणी नाही.

जे-११ प्रोसेसर असेल तर २२ बिटांची परीक्षा इथेच घेता येते. १००० या पत्त्यावर १११ लिहा. मग १००१००० या पत्त्यावर, म्हणजे बरोबर २५६ किलोबाइट पुढे, २२२ लिहा. आता पुन्हा १०००/ वाचा. ०००१११ आलं तर वरच्या तारा मेमरीपर्यंत पोचतात. ०००२२२ आलं तर दोन्ही पत्ते एकाच जागी पडतायत. म्हणजे बॅकप्लेनमध्ये तार नाही किंवा मेमरी कार्ड १८ बिटांचं आहे. दुसऱ्या पत्त्यावर प्रश्नचिन्ह आलं तर तिथे मेमरीच नाही, म्हणजे कार्ड लहान आहे किंवा त्याचे स्विच चुकले आहेत. ११/२३ चा ओडीटी १८ बिटांचेच पत्ते घेतो, त्यामुळे त्याच्यावर ही परीक्षा अशी घेता येत नाही. तिथे मल्टिमीटरचंच ऐका.

याच फरकामुळे कन्सोलच्या रजिस्टरचा पत्ताही प्रोसेसरप्रमाणे वेगळा टाकावा लागतो. एलएसआय-११ वर १७७५६०, ११/२३ वर ७७७५६०, ११/७३ वर १७७७७५६०. जागा तीच, फक्त पुढचे बिट वाढलेले. कुणी दिलेला पत्ता चालत नसेल तर तो कुठल्या प्रोसेसरसाठी लिहिला होता ते विचारा.

इथपर्यंत आलात की वीज बंद करा, प्लग काढा, आणि डिस्क कंट्रोलर मार्गातल्या पुढच्याच जागेवर लावा. पुन्हा चालू करून ११/७३ वर १७७७२१५०/ टाका. आकडा आला तर कंट्रोलर बसवर आहे. मग बूट करून बघा, आणि त्यानंतरच पुढचं कार्ड हातात घ्या.